दादीजानची वही



तुम्हांला एक प्रश्न विचारते. बाबरापासून औरंगजेबापर्यंतच्या मोगल बादशहांची नावे तुम्हांला क्रमाने सांगता येतील का? मला खात्री आहे, तुमच्यापैकी पुष्कळांचे हात वर जातील. आता दुसरा प्रश्न. तुमच्या पणजीचे नाव काय होते?

मी हे दोन्ही प्रश्न दरवर्षी माझ्या वर्गात विचारते. पहिल्या प्रश्नाला वर गेलेले हात दुसऱ्या प्रश्नाला हळूहळू खाली येतात. कोणी म्हणतो, "आपा, घरी विचारून सांगतो." कोणी शेजारच्या मुलाकडे पाहतो, जणू आपल्या पणजीचे नाव त्यालाच ठाऊक असावे! मी त्यांना हसत नाही. कारण तुमच्या वयाची असताना माझीही स्थिती तीच होती. बादशहा मला पाठ होते. घरची माणसे पाठ नव्हती.

गोंदिया जिल्ह्यात दवनीवाडा नावाचे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे गाव. पावसाळ्यात धानाची रोवणी झाली, की नजर जाईल तिकडे हिरवेगार दिसते. याच गावात माझे बालपण गेले. आमच्या घराच्या ओसरीवर दादीजान मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसत. सुपात एका बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने, दुसऱ्या बाजूला जर्दा, मध्ये कात्री आणि दोऱ्याची रीळ. पानावर पत्र्याचा छोटा तुकडा ठेवून त्या मापाने पान कापायचे, चिमूटभर जर्दा भरायचा, पान वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. पाहता पाहता बिडी तयार होई. त्यांचे लक्ष बोटांकडे नसेच. बोटे आपले काम करीत आणि दादीजान आपल्या गोष्टी सांगत.

मी मात्र ऐकत नसे. मला वाटे, दादीजान काय, रोजच घरी आहेत. त्यांच्या गोष्टी उद्या ऐकू.

या 'उद्या'ने माझे फार नुकसान केले. कसे, ते पुढे सांगते.

मी बी.एड. करीत असताना दादाजान वारले. मृत्यूची नोंद करण्यासाठी त्यांचे वय विचारले गेले. चाचा म्हणाले, "पंच्याहत्तर असेल." फुफी म्हणाल्या, "छे, ऐंशीच्या खाली नव्हते." शिधापत्रिकेवर एक वय होते, मतदार ओळखपत्रावर दुसरेच होते. शेवटी सर्वांनी मिळून अंदाजाने एक आकडा ठरवला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. ज्यांचे बोट धरून मी चालायला शिकले, त्यांचे वयसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हते. मग आणखी एकेक गोष्ट मनात येऊ लागली. दादाजानना कापूस पिंजण्याचे काम कोणी शिकवले? त्यांचे वडील या गावात कोठून आले? त्यांच्या आईचे नाव काय होते? या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याजवळ होती, ते आता कब्रस्तानात झोपले होते.

तुम्ही म्हणाल, शाळेच्या दाखल्यावर तर जन्मतारीख असते! असते खरी. पण माझ्या अब्बांच्या दाखल्यावर १ जुलै आहे, मोठ्या चाचांच्या दाखल्यावर १ जुलै आहे आणि धाकट्या चाचांच्याही दाखल्यावर १ जुलैच आहे! फक्त वर्षे वेगळी. तिघे भाऊ एकाच तारखेला जन्मले असे नव्हे. त्या काळी अनेक घरांत जन्माची तारीख कोणी लिहून ठेवत नसे. मुलाला शाळेत आणले, की गुरुजी त्याच्याकडे पाहून वयाचा अंदाज करीत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहीत. तुमच्याही घरी असा एखादा १ जून किंवा १ जुलै सापडेल.

दादाजानच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी मी दोनशे पानी वही विकत घेतली आणि दादीजानजवळ जाऊन बसले.

पहिल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. मी परीक्षकासारखे प्रश्न विचारू लागले. "दादीजान, तुमचा जन्म कोणत्या साली झाला? लग्न कोणत्या तारखेला झाले?" त्या म्हणाल्या, "बेटी, मला काय ठाऊक? मी काय कचेरीत बसत होते?" वहीचे पान कोरेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वही बाजूला ठेवली. सुपातली दोन पाने उचलली आणि म्हणाले, "मला बिडी वळायला शिकवा." त्या हसल्या. माझी पहिली बिडी पाहून तर खूपच हसल्या. "असली बिडी ठेकेदाराने माझ्या तोंडावर फेकली असती," त्या म्हणाल्या. मग ठेकेदाराची गोष्ट निघाली. चांगल्या बिड्याही तो खराब म्हणून बाजूला कसा काढी, त्यांचे पैसे कसे देत नसे आणि एकदा गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मिळून त्याला कसे खडसावले, हे सारे त्यांनी सांगितले. त्या गोष्टीतून लग्नाची गोष्ट निघाली. लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना बिडी वळता येत नव्हती, सासूने शिकवली. सासू म्हणजे माझी पणजी. अशा रीतीने पणजी आमच्या वहीत आली.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांना तारखा विचारू नका. वस्तू विचारा, कामे विचारा, वाटा विचारा. "या पेटीत काय आहे? हा तवा कोणाचा? शाळेला कोणत्या रस्त्याने जात होता?" आठवण वस्तूला चिकटून राहते, आकड्याला नाही.

मग तारखा कशा कळणार? त्यासाठी मी एक युक्ती केली. सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांची एक यादी केली. दादीजान म्हणाल्या, "माझ्या लग्नानंतर नवे पैसे निघाले." नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला सुरू झाले. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे लग्न त्याआधीचे! त्या म्हणाल्या, "तेव्हा आपण नागपूरच्या राज्यात होतो." हेही खरे होते. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती.

या यादीतून मला एक गंमत कळली. दादीजान लग्न होऊन आल्या, त्या शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. पण त्या घराचा पत्ता मात्र सारखा बदलत गेला! त्या आल्या तेव्हा दवनीवाडा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. जिल्हा इतकी वर्षे भंडारा होता; १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गाव गोंदिया जिल्ह्यात गेले. भूगोलाच्या पुस्तकात हे सारे कोरड्या ओळींत येते. दादीजान म्हणाल्या, "राज्ये आली नि गेली. आमची विहीर मात्र तीच राहिली."

आता एक अडचण सांगते. आमचे पणजोबा पिंजारी होते. खांद्यावर धुनकी घेऊन ते गावोगाव फिरत आणि गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देत. ते दवनीवाड्यात कसे आले, याच्या आमच्या घरात तीन हकीकती निघाल्या. चाचा म्हणाले, "मानमोडीच्या साथीत त्यांच्या घरातली माणसे गेली, म्हणून ते गाव सोडून आले." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि आपला मध्य प्रांत तर फारच होरपळला. फुफी म्हणाल्या, "साथीचे मला ठाऊक नाही. ते बालाघाटकडून लहान गाडीने गोंदियाला आले, काम मिळेल म्हणून." गोंदिया ते बालाघाट ही अरुंद रुळांची गाडी तेव्हा धावत असे, आज त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. शेजारचे एक बुजुर्ग म्हणाले, "नाही, नाही, तुमचे घराणे स्वातंत्र्यानंतर आले."

आता खरे कोणाचे मानायचे?

तुम्ही हदीसच्या विद्वानांविषयी ऐकले असेल. एखादे वचन त्यांच्यासमोर आले, की ते प्रथम विचारीत, "हे तू कोणाकडून ऐकलेस? आणि त्याने कोणाकडून ऐकले?" सांगणारा तो रावी आणि सांगणाऱ्यांची साखळी ती सनद. ते फार मोठे आणि पवित्र शास्त्र आहे. आपल्या घरच्या गोष्टींची त्याच्याशी बरोबरी करता येणार नाही. पण त्यातील शिस्त आपण शिकू शकतो. मी वहीत प्रत्येक गोष्टीपुढे लिहू लागले: कोणी सांगितले, कोणत्या दिवशी सांगितले आणि त्यांनी कोणाकडून ऐकले होते. चाचांनी आपल्या वडिलांकडून ऐकले होते. फुफींनी आपल्या दादीकडून ऐकले होते. शेजारच्या बुजुर्गांना मात्र कोणी सांगितले नव्हते. त्यांचा तो अंदाज होता.

मग मी कागद शोधायला निघाले. जुन्या मध्य प्रांतात गावातील जन्ममृत्यूची नोंद कोतवालामार्फत होत असे. विदर्भात त्या नोंदवहीला आजही 'कोतवाल बुक' म्हणतात. तहसील कार्यालयात अर्ज केला, तर तिची नक्कल मिळू शकते. पिवळी पडलेली पाने, फिकट झालेली शाई आणि वळणदार अक्षर! त्यात मला दादाजानच्या जन्माची नोंद सापडली. गाव दवनीवाडा, बापाचा धंदा पिंजारी आणि काळ इंग्रजी अमलाचा. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आल्याची हकीकत चूक ठरली. उरलेल्या दोन हकीकतींपैकी कोणती खरी? मला वाटते, दोन्ही खऱ्या असू शकतील. साथीमुळे घर सुटले असेल आणि गाडीमुळे वाट सोपी झाली असेल. मी दोन्ही लिहून ठेवल्या. एक पुसून दुसरी ठेवण्याचा अधिकार मला नव्हता.

पण त्या कोतवाल बुकात मला आणखी एक नोंद सापडली. तिच्यासाठीच मी ही सारी गोष्ट तुम्हांला सांगते आहे.

ती नोंद १९५७ ची होती. बापाच्या रकान्यात दादाजानचे नाव होते. अपत्याच्या रकान्यात एकच शब्द होता: 'मुलगी'. नाव नव्हते. त्या काळी अशा नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव लिहीत नसत. मुलगा किंवा मुलगी एवढेच लिहीत. पण मी गोंधळले. आमच्या घरात अब्बा सर्वांत थोरले. त्यांचा जन्म त्यानंतरचा. मग ही मुलगी कोण?

तीन आठवडे मी तो कागद पेटीत ठेवला. विचारावे की विचारू नये, ते कळत नव्हते. एके दिवशी दुपारी घरात कोणी नव्हते. दादीजान सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. मी म्हणाले, "दादीजान, कचेरीतून एक जुना कागद मिळाला आहे. वाचून दाखवू?" आणि मी वाचले: गाव, साल, दादाजानचे नाव आणि शेवटी 'मुलगी'.

दादीजानची बोटे थांबली. बोलताना, हसताना, रागावताना ती बोटे मी कधी थांबलेली पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "नाव नाही लिहिले?"

"नाही," मी म्हणाले.

"नाव होते," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी ते नाव सांगितले.

ती त्यांची पहिली मुलगी. नवे पैसे निघाले त्या वर्षी झाली. सुईणीला द्यायला दादाजाननी नवी नाणी आणली होती आणि हिशेब चुकू नये म्हणून तीनदा मोजली होती. मुलगी दोन वर्षांची झाली. ओसरीवर धावू लागली. सुपातला दोरा ओढून पळायची. मग गावात देवीची साथ आली. आपल्याकडे तिला चेचक म्हणतात. आज तो रोग जगातून नाहीसा झाला आहे. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण त्या वर्षी तो रोग आमच्या ओसरीवर आला आणि ती मुलगी गेली. त्यानंतर अब्बांचा जन्म झाला. घरातील मोठ्यांनी सांगितले, "आता तिचे नाव काढू नका, नव्या बाळावर सावली नको." सासूचे ऐकून दादीजाननी ते नाव जे मिटले, ते पन्नासहून अधिक वर्षे उघडले नाही.

मी विचारले, "वहीत लिहू का?"

त्या म्हणाल्या, "लिही. तुझ्या अब्बाला सांग. घराबाहेर कोणाला नाव सांगत बसू नकोस. पण लिही. मी गेल्यावर तिला ओळखणारे कोणीतरी असायला पाहिजे."

म्हणून मित्रांनो, ते नाव मी येथे लिहीत नाही. ते आमच्या वहीत आहे. घरच्या आठवणी लिहिणाराने हा नियम नेहमी पाळावा. ज्याची आठवण, त्याची परवानगी. काही गोष्टी सर्वांसाठी असतात, काही घरासाठी असतात आणि काही विचारूही नयेत. कोणी रडू लागले तर वही मिटावी.

अब्बांना मी त्याच रात्री सांगितले. त्या दिवसापर्यंत ते स्वतःला सर्वांत थोरले समजत होते. त्यांनी ते नाव दोनदा विचारून घेतले. मग दादीजानना विचारून कब्रस्तानातील ती जागा शोधली. कडुनिंबाखाली एक लहानसा उंचवटा होता. आम्ही कितीदा त्याच्या शेजारून गेलो होतो! तेव्हापासून शब-ए-बारातला अब्बा तेथेही फातिहा पढतात.

कागदाला फक्त 'मुलगी' ठाऊक होते. नाव माणसाला ठाऊक होते. आणि ते माणूस आणखी काही वर्षांनी जाणार होते. मी विचारले नसते, तर ते नाव दादीजानबरोबरच गेले असते.

तुम्हांला वाटेल, अशा साध्या माणसांच्या आठवणींना कोण विचारतो? पण मराठीत याची मोठी परंपरा आहे. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला, तेव्हा ते झाशीतच होते. ते सेनापती नव्हते की सरदार नव्हते. एक गरीब भिक्षुक होते. सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'माझा प्रवास' या नावाने त्या १९०७ मध्ये छापल्या गेल्या. झाशीत सामान्य माणसांवर काय गुजरले, हे आज आपल्याला त्यामुळे कळते. वैद्यांनी सांगितले नसते तर? इतिहासाचार्य राजवाडे जुने कागद गोळा करीत गावोगाव फिरले आणि त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे २२ खंड प्रसिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ओव्या गाणाऱ्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचा इतिहास त्यांच्या गळ्यात होता.

आपल्या दोन भाषांकडेच पाहा ना! उर्दूत 'तारीख' म्हणजे दिवसाची तारीखही आणि इतिहासही. मराठीत मात्र फक्त दिवसाची तारीख. मराठीतील 'बखर' हा शब्द आपल्या 'खबर' या शब्दापासून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. उर्दूत घराण्याच्या नोंदीला 'शजरा' म्हणतात आणि तो शब्द झाडावरून आला आहे. मराठीत त्यालाच 'वंशवृक्ष' म्हणतात. तेथेही झाडच! दोन भाषांना एकच गोष्ट सुचली.

आमच्या घरात एक जुना शजरा होता. त्यात फक्त पुरुषांची नावे होती. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा तमका. जणू त्या घरात कोणी आई नव्हतीच! मी नवा शजरा काढला. त्यात पणजीचे नाव लिहिले, दादीजानचे लिहिले, फुफींचे लिहिले आणि अब्बांच्या आधी, थोरल्या जागी, त्या मुलीचे नाव लिहिले.

आता माझी एक चूक सांगते. ती तुम्ही करू नका. वहीबरोबरच मी तीन संध्याकाळी दादीजानचा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवला होता. मला वाटले, झाले काम. त्याची दुसरी प्रत काढायची ती 'उद्या' काढू म्हणून राहिली. पावसाळ्यात मोबाइल पाण्यात पडला आणि आवाज गेला. दुरुस्तीचा काही उपयोग झाला नाही. मी म्हणाले, पुन्हा भरून घेऊ. पण पुन्हा भरण्याआधीच दादीजानना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. पुढे काही महिन्यांनी त्या गेल्या. त्यांचे शब्द आज आमच्या वहीत आहेत. त्यांचा आवाज कोठेही नाही. "असली बिडी ठेकेदाराने माझ्या तोंडावर फेकली असती" हे वाक्य मी तुम्हांला सांगू शकते. ते त्या कशा म्हणाल्या, हे ऐकवू शकत नाही.

म्हणून आवाज भरा, पण कागदावरही लिहा. वहीच्या दोन प्रती करा. एक घरी ठेवा आणि दुसरी मामूंच्या किंवा खालाच्या घरी ठेवा. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहा. नाहीतर शंभर वर्षांनी तुमच्या दादांचे छायाचित्र 'एक दाढीवाले गृहस्थ' एवढेच राहील. सांगणारा ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत प्रथम लिहा, सुधारू नका. दादीजानची बोली मी उर्दू लिपीत जशीच्या तशी लिहिली आणि नंतर सवडीने मराठीत आणली. कारण मराठी मला शाळेने दिली, पण ती गोष्ट मला दादीजाननी दिली.

आणि स्वतःच्या आठवणीही लिहा. तुम्ही म्हणाल, आमच्या आयुष्यात अजून काय घडले आहे? २०२० साल आठवा. शाळा बंद होत्या, रस्ते ओस पडले होते आणि ईदची नमाज लोकांनी घरी अदा केली. तुमच्यापैकी कोणी तेव्हा लहान असेल, तरी घरातील काहीतरी आठवत असेलच. आमच्या दादीजानना जशी मानमोडी ऐकून ठाऊक होती, तशी ती साथ तुमच्या नातवंडांना ऐकून ठाऊक होईल. त्यांना सांगणार कोण? तुम्हीच. आज जे अगदी साधे वाटते, तेच उद्या कोणीतरी शोधत फिरेल.

परवा वर्गात मी पुन्हा तो प्रश्न विचारला. एका मुलीने उलट मलाच विचारले, "आपा, तुमच्या पणजीचे नाव काय?" मी लगेच सांगितले. त्यांनी सुनेला बिडी वळायला शिकवले, हेही सांगितले. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी चार मुलांनी न विचारता आपापल्या पणजीचे नाव फळ्यावर लिहून ठेवले होते. त्यांपैकी एक म्हणाला, "आपा, नाव विचारले तर नानी दोन तास बोलत राहिल्या. त्यांना कोणी विचारतच नव्हते."

मित्रांनो, तुमच्याही घरी ओसरीवर, पलंगावर किंवा चुलीजवळ असे कोणीतरी बसलेले असेल. त्यांच्या हाताला काहीतरी काम असेल आणि मनात एखादे नाव असेल. आज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ जा. प्रश्न विचारण्याची घाई करू नका. आधी त्यांच्या कामाला हात लावा.

मात्र जायचे ते आजच. उद्या नको.